एअरपोर्टचे बॉडी स्कॅनर आणि रेडिएशनची धास्ती: मागची सगळी कहाणी

मुलीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आयांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो, ते हात वर करून उभं राहायचं मशीन असतं ना त्यात रेडिएशन असतं का हो, माझं ऑपरेशन झालंय, चालेल का. उत्तरंही ठरलेली. एक जण म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो अहो युरोपात बंदी आहे त्याच्यावर, तिसरा कुठलातरी जुना फॉरवर्ड टाकून मोकळा होतो. तसे तिघंही थोडे थोडे बरोबरच असतात, कारण ज्या मशीनवरून हा सगळा गोंधळ झाला ते मशीन वेगळं आणि आज तुम्ही ज्यात उभे राहता ते वेगळं, आणि ते पहिलं मशीन एअरपोर्टवरून गेलं ते रेडिएशनमुळे गेलं असं बहुतेकांना वाटतं, पण तसं झालेलंच नाही.

आधी एक घोळ निस्तरून टाकू. आपल्याकडे जी चौकट ओलांडून जातो तो मेटल डिटेक्टर, त्यात चुंबकीय क्षेत्र असतं, एक्स-रे नसतो. सीआयएसएफवाले पाटावर उभं करून हातातलं जे दांडकं अंगावरून फिरवतात तेही तसलंच. एक्स-रे असतो तो बॅगांच्या मशीनमध्ये, रबरी पडद्यांच्या आत, आणि तो बॅगेसाठी. माणसावर एक्स-रे सोडणारं मशीन ही भानगड अमेरिकेत आणि थोडीफार ब्रिटनमध्ये झाली.

पण आजारी नसलेल्या माणसाचा एक्स-रे काढायची हौस बरीच जुनी आहे. १९२० च्या दशकापासून अमेरिका-युरोपातल्या चपलांच्या दुकानांत एक खोका असायचा, त्यात पाय घालायचा आणि वरून डोकवून बूट नीट बसतोय का ते बघायचं, पोरांना भारी मजा वाटायची, विक्रेता मात्र दिवसभर त्याच्या शेजारी उभा. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्यावर बंदी घातली आणि मग हळूहळू ते खोके गेले. दक्षिण आफ्रिकेत डी बिअर्सने खाणकामगारांनी हिरे गिळलेत का ते बघायला कमी डोसचं फुल बॉडी एक्स-रे मशीन बनवून घेतलं, पुढे तेच लोडॉक्स नावाने हॉस्पिटलच्या अपघात विभागात गेलं. आणि आपलं बघाल तर १९६२ च्या कस्टम्स अॅक्टमध्ये कलम १०३ आहे, पोटात सोनं लपवल्याचा संशय असेल तर कस्टम्सवाल्यांना थेट एक्स-रे काढता येत नव्हता, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून परवानगी घ्यावी लागायची आणि एक्स-रे रेडिऑलॉजिस्टच काढायचा (२०१९ च्या दुरुस्तीनंतर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीने स्कॅन करायचाही मार्ग आला). म्हणजे माणसाच्या अंगातून किरण सोडायचे तर कुणालातरी विचारावं लागतं ही समज आपल्या कायद्यात तेव्हापासून आहे. अमेरिकेत पुढे नेमकी हीच पायरी गाळली गेली.

तिथलं मशीन म्हणजे सिक्युअर १०००. कॅलिफोर्नियात स्टीव्हन स्मिथ नावाच्या संशोधकाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलं, पुढे ते रॅपिस्कॅन कंपनीकडे गेलं. यात छातीच्या एक्स-रेसारखे किरण शरीरातून आरपार नेत नाहीत. बारीक धारेसारखा कमी ताकदीचा झोत अंगावरून ओळीने फिरवतात आणि कातडीवरून जे किरण उलट फिरतात ते पकडून चित्र बनवतात, म्हणून त्याला बॅकस्कॅटर म्हणायचे. कपडे पारदर्शक, कातडी पांढरी, धातू काळा. १९९८ मध्ये एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेच्या सल्लागार समितीपुढे हे मशीन आलं तेव्हा काही सदस्यांनी सरळ विचारलं की वैद्यकीय गरज नसताना माणसांवर एक्स-रे सोडायचेच कशाला, त्यावर स्मिथ यांचं म्हणणं असं होतं की एअरपोर्टसारख्या ठिकाणी हे येत्या पाचेक वर्षांत काही दिसणार नाही, ते तुरुंग वगैरेसाठी आहे. समितीला सक्तीचे नियम हवे होते, झालं काय तर २००२ मध्ये एक ऐच्छिक मानक आलं. कंपन्यांनी ठरवलं तर पाळायचं, असं.

मग घटनाच अशा घडत गेल्या की कुणाला थांबून विचार करायला वेळच नव्हता. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस-मायामी विमानात रिचर्ड रीड बुटात स्फोटकं घेऊन बसला (त्याच्यामुळे अमेरिकेत बूट काढायची पद्धत सुरू झाली, ती २०२५ मध्ये संपली). २००७ मध्ये टीएसएने, म्हणजे अमेरिकेत एअरपोर्टची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, फिनिक्सला बॅकस्कॅटरची चाचणी सुरू केली. आणि २५ डिसेंबर २००९ ला अॅम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लबने अंतर्वस्त्रात शिवलेली पीईटीएन या स्फोटकाची पुडी पेटवायचा प्रयत्न केला. धातू नव्हताच, मेटल डिटेक्टर वाजणार कुठून. नंतरच्या काही दिवसांत टीव्हीवर होमलँड सिक्युरिटीचे माजी मंत्री मायकल चर्टॉफ बॉडी स्कॅनर किती गरजेचे हे सांगत होते, आणि मग बाहेर आलं की त्यांच्या सल्लागार फर्मचा एक ग्राहक रॅपिस्कॅनच आहे. मार्च २०१० पासून बोस्टनपासून सुरुवात करून मशीनं भराभर लागली. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेच्या जीएओ या तपास कार्यालयाने सांगितलं होतं की डेट्रॉइटची ती पुडी या मशीनने पकडली असती की नाही हे स्पष्ट नाही. ऐकतंय कोण.

रेडिएशनचा मुद्दा नीट मांडला गेला तो एप्रिल २०१० मध्ये, आणि मांडणारे काही फॉरवर्डवाले नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉन सेडॅट आणि त्यांचे तीन सहकारी, बायोकेमिस्ट्री आणि कॅन्सरमधली जाणती माणसं, यांनी राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जॉन होल्ड्रेन यांना पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता पण टोचणारा होता. तुम्ही डोस सांगता तो अख्ख्या शरीरावर वाटून सांगता, पण या किरणांची बरीचशी ऊर्जा कातडीत आणि तिच्या लगतच जिरते, मग कातडीला बसणारा डोस वेगळा मोजा की. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, आधीच कॅन्सर होऊन गेलेले यांचं काय. आणि तो फिरणारा झोत मशीन बिघडून एकाच जागी अडकला तर? सरकारकडून उत्तर आलं ऑक्टोबरमध्ये, की कातडीचा डोससुद्धा मर्यादेच्या खूप आत आहे आणि झोत अडकला तर मशीन आपोआप बंद होतं. कोलंबिया विद्यापीठातले रेडिएशनचे अभ्यासक डेव्हिड ब्रेनर म्हणत होते की एकेका माणसाचा धोका नगण्यच आहे, पण वर्षाला कोट्यवधी वेळा स्कॅन करणार असाल तर नगण्य गुणिले कोट्यवधी म्हणजे शून्य नाही, त्यात एक्स-रे नसलेलं दुसरं मशीन हाताशी असताना हे कशाला. मला विचाराल तर सगळ्या वादात हाच युक्तिवाद सगळ्यात पक्का होता, आणि सर्वात कमी गाजला.

गाजलं ते दुसरंच. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलट संघटनेने सभासदांना सांगितलं की स्कॅनर टाळा, हाताने झडती घ्या म्हणा, कारण आपण आधीच आकाशात भरपूर रेडिएशन खातो. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, २४ तारखेला, स्कॅनर नाकारायचा दिवस ठरला, प्रत्यक्षात फार कुणी नाकारला नाही, सगळ्यांना घरी पोचायची घाई.

आता आकडे. या मशीनच्या एका स्कॅनचा डोस ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (हे डोस मोजायचं एकक) आत, मानकाची मर्यादा ०.२५. छातीचा एक एक्स-रे साधारण १०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे किमान हजार स्कॅन. नुसतं पृथ्वीवर राहिल्याबद्दल माणसाला सरासरी वर्षाला २४०० मायक्रोसिव्हर्ट बसतात, केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळे त्याच्या कितीतरी पट. आणि पायलट जे म्हणत होते ते विमानातलं, तासाला ३ ते ५ मायक्रोसिव्हर्ट. व्हिक्टर हेसने १९१२ मध्ये बलूनमधून वर जाऊन दाखवलंच होतं की जितकं उंच जाल तितकं रेडिएशन वाढतं, कारण ते अवकाशातून येतं, त्याबद्दल १९३६ चं नोबेल मिळालं त्यांना. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायचं तर पंधरा-सोळा तास, हिशोब करा, ४५ ते ८० मायक्रोसिव्हर्ट होतात, आणि त्याबद्दल आपण कधी तक्रार करत नाही, उलट खिडकीची सीट मागतो. २०११ मध्ये एका वैद्यकीय जर्नलमध्ये हिशोब आला होता, १० कोटी विमान प्रवाशांमागे या स्कॅनरमुळे आयुष्यभरात साधारण ६ जादा कॅन्सर. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने एअरपोर्टवरची मशीनं स्वतंत्रपणे मोजली तर डोस आणखी कमी निघाला, विमानातल्या बारा सेकंदांएवढासुद्धा नाही.

मग लोकांचा विश्वास का बसला नाही? त्याला टीएसए स्वतः जबाबदार. मार्च २०११ मध्ये मशीनच्या देखभालीच्या नोंदी बाहेर आल्या, त्यात काही ठिकाणी डोस दहापट लिहिलेला. खुलासा असा आला की तंत्रज्ञांनी दहा स्कॅनचं एकत्र माप घेतलं आणि नंतर दहाने भागायलाच विसरले. असेलही, बहुधा तसंच असेल, पण ज्या मशीनमध्ये रोज हजारो लोक उभे करता त्याच्या नोंदीत भागाकार राहून जातो आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही हे ऐकल्यावर "अगदी सुरक्षित आहे हो" याला काय किंमत उरते. सगळी मशीनं परत मोजायची वेळ आली.

आणि तरीही मशीन गेलं ते वेगळ्याच कारणाने. अब्रूच्या. बॅकस्कॅटरचं चित्र म्हणजे जवळजवळ नागडा माणूस, लांबच्या खोलीत बसलेला कर्मचारी ते बघणार. टीएसए म्हणत होती चित्रं साठवलीच जात नाहीत, आणि खासगीपणाच्या हक्कासाठी लढणाऱ्या एपिक या संस्थेने कागदपत्रं मिळवली तर चाचणीच्या मोडमध्ये चित्र साठवायची सोय असलीच पाहिजे असं खुद्द टीएसएच्याच अटींमध्ये लिहिलेलं. त्यात फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या कोर्टातल्या दुसऱ्या एका स्कॅनरमधली तब्बल ३५ हजार चित्रं साठून राहिलेली सापडली. जुलै २०११ मध्ये अपील कोर्टाने एपिकच्या खटल्यात स्कॅनर घटनाबाह्य नाहीत असं म्हटलं, पण लोकांची मतं न मागवता नियम लागू केलात हे चुकलं असंही म्हटलं. मग २०१२ च्या कायद्यात संसदेने अट घातली की खऱ्या शरीराचं चित्र दिसता कामा नये, सॉफ्टवेअरने नुसत्या ठोकळेबाज आकृतीवर संशयाची जागा दाखवायची. दुसऱ्या जातीच्या, एक्स-रे नसलेल्या मशीनला (त्याबद्दल पुढे) हे सॉफ्टवेअर आधीच बसलं होतं. रॅपिस्कॅनला बॅकस्कॅटरसाठी ते मुदतीत जमेना. जानेवारी २०१३ मध्ये करार संपवला, उरलेली १७४ मशीनं कंपनीने स्वतःच्या खर्चाने उचलायची असं ठरलं, आणि त्यातली बरीच पुढे तुरुंगांत गेली, म्हणजे जिथून निघाली तिथेच, फक्त आता नाही म्हणायची मुभा नसलेल्या लोकांवर. त्या लोकांच्या डोसबद्दल कुणी पत्रं लिहिल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

युरोपाची गोष्ट तेवढी खरोखर आरोग्याची. नोव्हेंबर २०११ मध्ये युरोपियन कमिशनने स्कॅनरला परवानगी दिली ती एक्स-रे वापरत नसतील तरच. मँचेस्टरला चाचणीसाठी लावलेली रॅपिस्कॅनची मशीनं त्यामुळे २०१२ मध्ये काढावी लागली. ग्रुपवरचा दुसरा माणूस म्हणतो ती बंदी हीच, पण ती आजच्या मशीनवर नाही.

एक मजा राहिली. काही अमेरिकी संशोधकांनी ईबेवरून सिक्युअर १००० चं एक जुनं मशीन विकत घेतलं आणि २०१४ मध्ये निकाल छापला. पिस्तूल अंगाच्या बाजूला, मांडीच्या कडेला बांधलं तर चित्रात दिसतच नव्हतं, कारण धातू काळा आणि शरीराबाहेरचं सगळं बॅकग्राउंडही काळंच. डोस त्यांनाही मर्यादेतच सापडला. म्हणजे ज्याची भीती होती ते ठीक होतं आणि ज्यासाठी मशीन आणलं तेच होत नव्हतं.

आता सध्याचं मशीन, काचेच्या गोल केबिनचं, हात वर करा आणि दोन खांब सर्रकन अर्धं वर्तुळ फिरतात ते. हे मिलिमीटर वेव्ह. वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलँडच्या सरकारी प्रयोगशाळेत हे तंत्रज्ञान तयार झालं, अॅम्स्टरडॅमच्या स्किफोल एअरपोर्टवर २००७ मध्येच लागलं. लहरी २४ ते ३० गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफाय आणि मोबाइलच्याच भाऊबंदांपैकी. रेणूतला इलेक्ट्रॉन उडवायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या साधारण लाखाव्या हिश्शाएवढी या लहरीच्या एका कणात असते, त्यामुळे एक्स-रेच्या अर्थाने यात रेडिएशन नाहीच, मायक्रोसिव्हर्टमध्ये मोजायला काही उरत नाही. त्रास आहे तो खोट्या अलार्मचा. कपड्यांच्या घड्या आणि घाम यांनी मशीन गोंधळतं, २०१० मध्ये हॅम्बुर्गला चाचणी झाली तेव्हा जर्मनीने त्यापायी देशभर लावायचा बेत तेव्हापुरता बाजूला ठेवला.

घड्या म्हटल्यावर आपल्याला काय आठवणार. डिसेंबर २०१० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन एअरपोर्टवर भारताच्या तेव्हाच्या राजदूत मीरा शंकर यांना साडीत बघून बाजूला घेऊन हाताने झडती घेतली होती, दिल्लीत त्यावरून बराच निषेध झाला. नऊवार तर सोडाच, साध्या सहावारीच्या निऱ्यांवरही मशीन पिवळी चौकट दाखवू शकतं आणि मग तेवढ्या भागाची हाताने तपासणी होते. त्याचा रेडिएशनशी काही संबंध नसतो, पण बाजूला घेतलेल्या बाईला वाटतं की मशीनमध्ये काहीतरी निघालं.

भारतात हे सगळं उशिरा आलं आणि माझ्या मते ते बरंच झालं, एक्स-रेवाला टप्पा आपल्या वाट्याला आलाच नाही. एप्रिल २०१९ मध्ये बीसीएएसने, म्हणजे आपल्या विमान सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, आदेश काढला तोच मिलिमीटर वेव्हसाठी, ८४ एअरपोर्ट, त्यातले २८ अतिसंवेदनशील त्यांनी वर्षभरात आणि ५६ संवेदनशील त्यांनी दोन वर्षांत बसवायचे. मग कोविड. २०२० मध्ये एअरपोर्ट अथॉरिटीने ६३ एअरपोर्टसाठी १९८ स्कॅनरचं टेंडर काढलं, त्यात पुण्याच्या नावावर १२ होते. नंतर मुदती पुढे पुढे जात राहिल्या, आणि बऱ्याच एअरपोर्टवर अजूनही पाटावर उभं राहायचं, हात पसरायचे, बायकांनी पडद्याआड जायचं, हेच चालू आहे.