डायोड चालू की बंद? आधी धरून चाला, मग तपासा

नागपुरात मे महिन्यात वावटळ उठली की लाइन जाते, आणि ॲडॅप्टरवर चालणारं डिजिटल घड्याळ वेळ विसरतं. त्यावरचा उपाय दोन डायोडांचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन भागांचा आहे. एकीकडे १२ व्होल्टचा ॲडॅप्टर, दुसरीकडे ९ व्होल्टची बॅटरी, दोघांच्या वाटेत एकेक डायोड. दोन्ही डायोडांची पट्टीकडची टोकं, म्हणजे कॅथोड, एकत्र जोडायची आणि तिथून घड्याळाला वीज द्यायची. आता प्रश्न असा: लाइन असताना घड्याळाला किती व्होल्ट मिळतात?

नुसते रेझिस्टर असते तर ओहमचा नियम लावून मोकळं होता आलं असतं. डायोडाचं तसं नाही. तो चालू आहे की बंद हे ठरल्याशिवाय समीकरण मांडता येत नाही, आणि समीकरण सोडवल्याशिवाय तो चालू आहे की बंद हे कळत नाही. पुष्कळ विद्यार्थी इथेच अडतात. यातून सुटण्याची रीत मला फार आवडते: सरळ काहीतरी धरून चालायचं, गणित सोडवायचं आणि उत्तराला जाब विचारायचा. चालू धरलेल्या सिलिकॉन डायोडावर ०.७ व्होल्ट घ्यायचे. मग प्रवाह डायोडाच्या चिन्हातल्या बाणाच्या दिशेनेच, म्हणजे कॅथोडकडे, यायला हवा. बंद धरलेल्यातून प्रवाह शून्य. मग त्याच्यावरचा सुलट दाब, म्हणजे व्होल्टेज, ०.७ पेक्षा कमी भरायला हवा. यातलं काही जुळलं नाही तर गृहीतक चुकलं, दुसरं घ्यायचं.

घड्याळाचं सर्किट असंच सोडवू. दोन्ही डायोड चालू धरले तर ॲडॅप्टरच्या बाजूने जोडबिंदूवर ११.३ व्होल्ट येतात आणि बॅटरीच्या बाजूने ८.३. एकाच बिंदूवर दोन दाब असू शकत नाहीत. फक्त बॅटरीचा डायोड चालू धरला तर बिंदूवर ८.३ व्होल्ट, म्हणजे बंद धरलेल्या दुसऱ्या डायोडावर सुलट दिशेने ३.७ व्होल्ट, इतक्या दाबाखाली तो बंद राहणारच नाही. दोन्ही बंद धरले तर घड्याळाला काहीच मिळत नाही, बिंदू शून्यावर, आणि एकावर १२ तर दुसऱ्यावर ९ व्होल्ट सुलट. तेही अशक्य. उरला ॲडॅप्टरचा डायोड चालू आणि बॅटरीचा बंद: बिंदूवर ११.३, बॅटरीच्या डायोडावर उलट दिशेने २.३ व्होल्ट. सगळं जुळतं. घड्याळाला ११.३ व्होल्ट मिळतात आणि बॅटरी खर्च होत नाही. शिवाय ॲडॅप्टरचा प्रवाह बॅटरीत उलटा घुसत नाही. चार्ज न होणाऱ्या बॅटरीसाठी ही गोष्ट महत्त्वाची, नाहीतर ती फुगते किंवा गळते. लाइन गेली की बॅटरीचा डायोड आपोआप चालू होतो आणि ८.३ व्होल्टवर घड्याळ पुढे चालतं. तपासणीची ही ओळ गाळलेलं उत्तर मला अर्धंच वाटतं, आकडा बरोबर आला तरी.

डायोड वाढले की शक्यता दुपटीने वाढतात. एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या ब्रिजमध्ये १६. पण तिथे सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. एसीच्या एका अर्ध्या फेरीत समोरासमोरचे दोन चालू, पुढच्या अर्ध्या फेरीत उरलेले दोन. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर सुमारे १७ व्होल्ट असतं. त्यातून दोन डायोडांचे १.४ वजा केले की कपॅसिटरवर, भार हलका असेल तर, साडेपंधराच्या आसपास दिसतात. १२ ऐवजी एवढे दिसले म्हणून मीटर बिघडलेला नसतो.

आता हे ०.७ आलं कुठून? विल्यम शॉकली यांनी १९४९ मध्ये पी-एन जोडाचा, म्हणजे डायोडाच्या आतल्या दोन प्रकारच्या अर्धवाहकांच्या सांध्याचा, सिद्धांत मांडला. त्यानुसार डायोडावरचा दाब वाढला की प्रवाह घातांकी वेगाने चढतो. आदर्श डायोडात, खोलीच्या तापमानाला, प्रवाह दसपट व्हायला जेमतेम ६० मिलिव्होल्ट पुरतात. म्हणजे १ मिलिअँपिअरवरून १० वर गेलात तरी डायोडावरचा दाब जवळपास जिथल्या तिथे. म्हणून ०.७ चालून जातं. ५ व्होल्ट, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक डायोड ओळीने जोडले तर ४.३ मिलिअँपिअर प्रवाह निघतो, आणि प्रत्यक्ष मोजमाप त्याच्या अगदी जवळ येतं.

पण ०.७ हा काही निसर्गाचा स्थिरांक नाही. प्रवाह तेवढाच ठेवला तर दर अंश सेल्सिअसला डायोडावरचा दाब सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. नागपुरात डिसेंबरातल्या रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४५ च्या वर जातो. एवढ्या फरकाने ७० मिलिव्होल्ट हलतात. घड्याळाला त्याचं काही नाही. मात्र काही मिलिव्होल्टचा संकेत मोजणाऱ्या सर्किटात हा फरक सगळं मोजमाप बिघडवतो. उलट दिशेने झिरपणारा प्रवाह तर साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो, म्हणजे त्याच ३५ अंशांत सुमारे अकरापट. थंड खोलीत नीट चाललेलं उपकरण गच्चीवरच्या बंद डब्यात का बिथरतं, याचा शोध घेताना मी आधी इथे बघेन.

हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. नागपुरातल्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सुट्या भागांच्या दुकानात १एन४००७ डायोड अगदी स्वस्तात मिळतो. मल्टिमीटर डायोडाच्या खुणेवर ठेवा, लाल टोक ॲनोडला, म्हणजे पट्टी नसलेल्या टोकाला, आणि काळं पट्टीकडे लावा. मीटर फार थोडा प्रवाह सोडतो, म्हणून आकडा ०.७ नाही, ०.५ ते ०.६ च्या दरम्यान दिसेल. मग डायोडाचं काळं अंग दोन बोटांत धरा आणि शेवटचे अंक बघत राहा. बोटं डायोडापेक्षा गरम असतील तर ते खाली घसरतील. मेच्या दुपारी मात्र हवाच अंगाहून तापलेली असते, तेव्हा हा प्रयोग सकाळी लवकर करा.