इन्यो काउंटी : आधी पाणी गेले, मग जमीन

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला नेवाडाला खेटून असलेल्या इन्यो काउंटीचा विस्तार सुमारे २६,४०० चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत लोक भरले १९,०१६. अलास्का वगळता संलग्न अमेरिकेतले सर्वांत उंच शिखर माउंट व्हिटनी (४,४२१ मीटर) याच काउंटीच्या पश्चिम सीमेवर आहे आणि डेथ व्हॅलीतली समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खोल बॅडवॉटरची खळगीही इथेच. एवढे वाचले की वाटते, वाळवंट आहे म्हणून वस्ती विरळ. ते अर्धेच खरे. काउंटीची नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे. उरलेल्यातली बरीचशी, आणि नेमकी पाण्याकाठची, काही शे किलोमीटर दूर असलेल्या लॉस एंजेलिस शहराच्या नावावर आहे. खासगी जमीन दोन टक्क्यांच्याही आत. त्यामुळे बिशप किंवा लोन पाइनसारख्या गावाला वाढायचे म्हटले तरी जागाच मिळत नाही.

काउंटीची गावे ज्यात वसली आहेत त्या ओवेन्स खोऱ्याच्या तळाशी पाऊस वर्षाला जेमतेम पाच-सहा इंच. सगळी भिस्त पश्चिमेच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या बर्फावर. ते वितळले की ओढे ओवेन्स नदीला मिळत, आणि नदी ओवेन्स सरोवरात संपे. सरोवराला बाहेर वाट नव्हती, म्हणून पाणी खारे.

या पाण्यावर पहिली पाटबंधाऱ्यांची व्यवस्था इथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांनी बसवली. बिशप ओढ्यावर दगड, झुडपे आणि चिखल यांचा कच्चा बंधारा घालून ते पाटाने पाणी नेत आणि रानात आपसूक उगवणाऱ्या कंदांना व बियांच्या गवताला भिजवत. पाण्यावर देखरेख करायला दर वसंतात एक माणूस निवडला जाई. भिजवायची राने दोन होती, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. एका वर्षी एकाला पाणी, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. हंगाम सरला की बंधारा फोडत आणि आटत्या पाटातले मासे गोळा करत. १८६१ पासून गोऱ्या पशुपालकांची गुरे याच रानांत शिरली आणि लढाई पेटली. जुलै १८६३ मध्ये लष्कराने नऊशेहून अधिक पायूटांना फोर्ट तेहोन या लष्करी ठाण्याकडे पायी हाकलले. पुढे बरेच जण परतले, पण तोवर पाट नव्या शेतकऱ्यांच्या हाती गेले होते. १८६६ मध्ये काउंटी स्थापन झाली.

लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी १९०४-०५ मध्ये खोऱ्यातल्या जमिनींचे खरेदी-करार करायला सुरुवात केली. केंद्राच्या सिंचन योजनेसाठीच हे चालले आहे, असा अनेकांचा समज होता आणि तो कोणी दूर केला नाही. प्रत्यक्षात ओवेन्सचे पाणी शहराला न्यायचे होते. त्यासाठी १९०७ मध्ये शहराच्या मतदारांनी २.३ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. शहराच्या पाणी खात्याचे मुख्य अभियंता विल्यम मुलहॉलंड यांनी बांधलेला ३७५ किलोमीटरचा जलमार्ग ५ नोव्हेंबर १९१३ रोजी वाहू लागला. वाटेत एकही पंप नाही, सगळे पाणी उताराने जाते. दऱ्या आल्या तिथे पोलादी सायफन, म्हणजे दरीत उतरून पलीकडे चढणारे बंद नळ. पण सायफनची दुखरी नस असते ती पोकळीत. फेब्रुवारी १९१४ मध्ये अँटेलोप खोऱ्यात पुराने नळाचा एक भाग वाहून नेला. आतले पाणी झपाट्याने निघून गेले, पोकळी झाली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने लांबच लांब नळ चेपला. मुलहॉलंड यांनी फुटलेला भाग जोडला आणि हळूहळू पाणी भरत नेऊन त्याच्याच दाबाने नळ पुन्हा गोल केला. अभियंता म्हणून माणूस पक्का होता, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावे.

खोरे खरे मोडले ते १९२० च्या दशकात, आणि मोडण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. इथले पाट सामाईक मालकीचे होते. भागधारकांनी मिळून गाळ काढायचा, खर्च वाटून घ्यायचा. शहराने एकेका पाटावरची शेते तुकड्यातुकड्याने विकत घेतली. विकलेल्या भागाचे पाणी नदीतच राहिले की पाटातला प्रवाह घटतो, झिरपून जाणारे पाणी मात्र जवळपास तेवढेच. पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला काही पोचत नाही आणि दुरुस्तीचा सगळा बोजा उरलेल्यांवर. मग तोही विकतो, मिळेल त्या भावाने.

२१ मे १९२४ रोजी जलमार्गाखाली पहिला सुरुंग उडाला. १६ नोव्हेंबरला लोकांनी अलाबामा गेट्स हे जलमार्गाचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी पुन्हा नदीत सोडले, चार दिवस. १९२७ मध्ये आणखी स्फोट झाले, पण ऑगस्टमध्ये खोऱ्यातली वॉटरसन बंधूंची बँक बुडाली. विरोधाचे पुढारी तेच होते आणि अफरातफरीत दोषी ठरलेही तेच. ठेवीदार आणि चळवळ एकदमच संपली.

१९२६ पर्यंत सरोवर आटले होते. १८७० च्या दशकात जिथून आगबोटीने सेरो गोर्दो खाणींतली चांदी वाहिली जाई, तिथे क्षारांचा तळ उरला. हिवाळ्यात या क्षारांचे स्फटिक पाणी धरून फुगतात, वरची पापडी भुसभुशीत होते आणि वारा सुटला की बारीक धूळ उठते. १९९० च्या दशकात हा देशातला सर्वांत वाईट धूळ-स्रोतांपैकी एक गणला जाई. २००१ पासून शहराला इथे उपाय करावे लागत आहेत : पृष्ठभागाचा ७५ टक्के भाग ओला राहील इतके उथळ पाणी सोडणे, ठिबकवर खारे गवत वाढवणे, किंवा चार इंच खडीचा थर पसरणे. खडीला पाणी लागत नाही, पण ती खालच्या चिखलात रुतू नये म्हणून आधी कापड अंथरावे लागते. खर्च दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे.

१९७० मध्ये दुसरा जलमार्ग झाला आणि तो भरायला भूजल उपसले जाऊ लागले. झरे आटले, पातळी मुळांच्या खाली गेली तिथे कुरणे सुकली. काउंटीने १९७२ मध्ये दावा लावला, त्यातून १९९१ चा करार झाला. झाडोऱ्याला पुरेल इतका ओलावा जमिनीत नसेल, तर त्या भागातले ठरलेले पंप बंद ठेवायचे, हे त्याचे मुख्य कलम. या वादाची भरपाई म्हणून डिसेंबर २००६ मध्ये नदीच्या खालच्या १०० किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी सोडले गेले.

दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांवर जपानी-अमेरिकनांना डांबलेली मान्झनार ही छावणीही लॉस एंजेलिस शहराच्याच जमिनीवर उभी राहिली.

पायूटांसाठी केंद्र सरकारने १९३९ मध्ये शहराशी जमिनीची अदलाबदल केली. वस्तीसाठी १,३९१ एकर मिळाले, पाण्याचा हक्क मात्र नाही. तो द्यायचा तर शहराच्या सनदेनुसार दोन-तृतीयांश मतदारांची संमती लागते, असे कारण तेव्हा पुढे केले गेले. हक्काचा तो प्रश्न बिशप, बिग पाइन आणि लोन पाइनच्या वस्त्यांसाठी अजून सुटलेला नाही.