अधिवृक्क संप्रेरके व स्त्रीबीजाची प्रत

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथींतून स्रवणाऱ्या संप्रेरकांचा स्त्रीबीजाच्या परिपक्वतेशी व वंध्यत्वावरील उपचारांशी असलेला संबंध. ग्रंथीच्या बाह्यकातून कॉर्टिसॉल आणि डीएचईए हे अँड्रोजनांचे (पुरुषी संप्रेरकांचे) पूर्वरूप (रक्तात मुख्यतः त्याचे सल्फेट), तर मध्यकातून ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन स्रवतात. बोलीत या सर्वांना सरसकट ‘स्ट्रेस हार्मोन’ म्हटले जाते. डीएचईए त्यांत बसत नाही. वयाच्या पंचविशीच्या आसपास त्याची पातळी सर्वाधिक असते आणि पुढे ती उतरत जाते.

ताणाखाली मेंदूतील अधोथॅलॅमस, त्याखालची पोष ग्रंथी (पिट्युटरी) व अधिवृक्क ही साखळी जागी होते. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाला शरीर देत असलेल्या सामाईक प्रतिसादाची मांडणी केली. या साखळीचे मूळ असलेले अधोथॅलॅमसचे संप्रेरक, सीआरएच, मात्र वायली व्हेल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ओळखले. सीआरएच व कॉर्टिसॉल दोन्ही जीएनआरएचच्या (बीजकोशाला चालना देणारी साखळी सुरू करणाऱ्या मेंदूतील संप्रेरकाच्या) स्पंदांना आवर घालतात. त्यामुळे तीव्र व दीर्घ ताणात पाळी लांबते किंवा थांबते. आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर फलन करण्याच्या उपचारात) बीजपुटके, म्हणजे बीज धारण करणाऱ्या द्रवभरल्या पिशव्या, वाढवणारे संप्रेरक इंजेक्शनने बाहेरूनच दिले जात असल्याने हा मार्ग बव्हंशी बाजूला पडतो. उरतो तो प्रत्यक्ष बीजकोशातील परिणामाचा प्रश्न, आणि खरा वाद तिथेच आहे.

या वादाचा पुरावा बहुतांशी टाकाऊ द्रवातून आला आहे. ‘ट्रिगर’च्या, म्हणजे बीज पक्व करणाऱ्या, इंजेक्शनानंतर ३४ ते ३६ तासांनी सुईने पुटके रिकामी केली जातात. कोमट नळीतला फिक्या पिवळ्या रंगाचा द्रव भ्रूणतज्ज्ञ बशीत ओततो, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या चिकट पुंजक्यातले बीज शोधून उचलतो आणि उरलेला द्रव फेकतो. न फेकता गोठवला, की त्यात कॉर्टिसॉल मोजता येते. हे कॉर्टिसॉल बीजकोश स्वतः बनवत नाही, ते रक्तातून येते. मात्र ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज या विकराचे (एन्झाइमचे) दोन प्रकार तिथे त्याची मात्रा ठरवतात. दुसरा प्रकार कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोन करतो, तर पहिला कॉर्टिसोनपासून पुन्हा कॉर्टिसॉल घडवतो. पुटक वाढत असताना दुसऱ्याचे वर्चस्व असते. बीजोत्सर्ग घडवणाऱ्या एलएच या संप्रेरकाच्या उसळीनंतर पहिला वरचढ होतो. शिवाय त्याच वेळी वाढलेले प्रोजेस्टेरॉन वाहक प्रथिनावरून कॉर्टिसॉलला हुसकावते, म्हणून मुक्त कॉर्टिसॉल आणखी चढते.

ही चढ घातक की उपकारक? १९९०च्या दशकात लंडनमधील एका गटाने असे मांडले, की ज्या स्त्रियांच्या पुटकपेशींत या विकराची कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारी क्रिया आढळली नाही, त्यांना गर्भधारणा अधिक झाली. नंतरच्या अभ्यासांतून हा संबंध सातत्याने दिसला नाही. प्राण्यांच्या बीजांवरील प्रयोगही प्रजातीगणिक वेगळे सांगतात, आणि त्यांत वापरलेली मात्रा बऱ्याचदा शरीरात कधी न आढळणारी असते. संशोधक एस्पी यांनी १९८० मध्ये बीजोत्सर्ग ही दाहासारखी प्रक्रिया असल्याचे गृहीतक मांडले होते. ते धरले, तर शेवटच्या तासांतले कॉर्टिसॉल दाह शमवण्याचे काम करते. हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे वाटते.

‘प्रत’ थेट मोजता येत नाही. परिपक्वता, फलन, ब्लास्टोसिस्टपर्यंतची (पाच-सहा दिवसांच्या भ्रूणापर्यंतची) वाटचाल व गुणसूत्रांची संख्या यांवरून ती ताडली जाते. यांतील गुणसूत्रांचा दोष मुख्यतः वयाशी निगडित आहे. रक्तात मोजले जाणारे एएमएच हे संप्रेरक उरलेल्या बीजांचा साठा दाखवते, प्रत नव्हे.

डीएचईए बीजकोशात अँड्रोजनांचा कच्चा माल ठरते. बीजे कमी येणाऱ्या स्त्रियांना ते देण्याचा पहिला अहवाल २००० मध्ये कॅसन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. रूढ मात्रा दिवसाला ७५ मिग्रॅ., तीन भागांत. पुटकाच्या वाढीचा अखेरचा टप्पा सुमारे तीन महिन्यांचा म्हणून गोळ्याही तितकाच काळ. वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात लाभ दिसला, पण कच्च्या प्रतीचे अभ्यास वगळताच तो टिकला नाही. प्रजनन वैद्यकातील युरोपीय संघटना ‘एश्रे’च्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने त्याची शिफारस केलेली नाही. मुंबईत तरीही या गोळ्या चिठ्ठीवर सर्रास दिसतात. मुरुमे व चेहऱ्यावरील केस हे नेहमीचे दुष्परिणाम.

मानसिक ताणाविषयी दोन निष्कर्ष शेजारी ठेवावे लागतात. संशोधक बॉयव्हिन यांच्या २०११ च्या विश्लेषणात १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची उपचारापूर्वीची अस्वस्थता व निकाल यांचा संबंध आढळला नाही. उलट २०१४ च्या एका अमेरिकी पाहणीत लाळेतील अल्फा-अमायलेझ (ताणाचा निदर्शक मानलेले विकर) सर्वाधिक असलेल्या स्त्रियांची नैसर्गिक गर्भधारणेची क्षमता २९ टक्क्यांनी कमी होती. कॉर्टिसॉलचा संबंध मात्र तिथेही नव्हता. पहिला निष्कर्ष उपचारांचा, दुसरा निसर्गाचा. ‘टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही’ या घरगुती निदानाला त्यामुळे आयव्हीएफपुरता तरी आधार नाही.

मुंबईत या शास्त्राची पायाभरणी परळला झाली. केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तिला दीर्घकाळ देशातील पहिली मानले जाई. १९९७ मध्ये आनंद कुमार यांनीच कागदपत्रे तपासून ते श्रेय कोलकात्याच्या सुभाष मुखोपाध्याय यांना (त्यांच्या प्रयत्नांतील बाळाचा जन्म ३ ऑक्टोबर १९७८) दिले. केंद्राचा २०२१ चा कायदा या उपचारांसाठी स्त्रीची वयोमर्यादा २१ ते ५० ठेवतो.

कॉर्टिसॉलच्या तपासणीत सकाळी आठच्या सुमारास घेतलेले रक्त ग्राह्य धरतात. कॉल सेंटरची रात्रपाळी करणाऱ्या किंवा पहाटे साडेतीनला उठून विरारहून लोकल पकडणाऱ्या स्त्रीचे आकडे त्यावरून वाचताना तिची झोपेची वेळ विचारणे आवश्यक असते. गर्भनिरोधक गोळ्यांनी वाहक प्रथिन वाढते व एकूण कॉर्टिसॉल फसवे जास्त दिसते. आयव्हीएफपूर्वी अशा गोळ्या अनेकींना दिल्या जातात. ताणाने अधिवृक्क ‘थकते’ असे सांगणारे ‘ॲड्रेनल फटीग’ हे निदान संप्रेरकतज्ज्ञ मान्य करीत नाहीत.

अधिवृक्क निकामी होण्याच्या ॲडिसन रोगाचे (वर्णन १८५५) भारतात आजही क्षय हे एक कारण आहे, आणि तोच क्षय बीजवाहिन्याही निकामी करतो. अशा रुग्णेला रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध सुरू असल्यास कॉर्टिसॉल यकृतात लवकर नष्ट होते, म्हणून हायड्रोकॉर्टिसोनची (औषधरूपातील कॉर्टिसॉलची) मात्रा वाढवावी लागते. बीज काढण्याच्या दिवशी भुलीपूर्वी ती आणखी वाढवतात.