एक कनेक्शन, दोन कॉम्प्युटर: ब्रिज मोडची पार्श्वभूमी

घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला इंटरनेट द्यायचा प्रश्न मराठवाड्यात खऱ्या अर्थाने उभा राहिला तो २००५ नंतर. त्याआधी डायल-अप होतं. विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९९ साली, कनेक्शन शेअर करायची सोय आली होती. पण ५६ केबीपीएसच्या मोडेमवर एकालाच पुरत नव्हतं, तिथे दोघांत काय वाटणार?

२००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला, २००५च्या जानेवारीत फोनच्या तारेवरून एडीएसएल हे ब्रॉडबँड सुरू झालं आणि हळूहळू लातूर, नांदेड, परभणीकडे पोचलं. जोडणीला येणारे बहुतेक जण मोडेम ब्रिज मोडवर ठेवून जात. म्हणजे मोडेम फक्त सिग्नल पुढे ढकलणार आणि युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करणार तो कॉम्प्युटर. एक लॉगिन, एक मशीन. दुसऱ्यावरून डायल केलं की पासवर्ड बरोबर असूनही अनेकदा एरर ६९१, म्हणजे लॉगिन नाकारलं. ‘याच्यावर एकच चालतो’ असं सांगितलं जाई आणि लोक ते खरं मानत.

ब्रिज मोडच्या बाजूने एक कारण होतं, ते मान्य करायला हवं. काही प्लॅनमध्ये डेटाची मर्यादा होती, त्यापुढे एमबीमागे पैसे. काहींत रात्री दोन ते सकाळी आठ एवढंच मोफत. डिस्कनेक्ट करणं हातात असलेलं बरं. पण अमर्यादित प्लॅनवाल्यांनाही तेच सेटिंग मिळे, आणि त्याला माझ्या मते काहीच आधार नव्हता. शिवाय कॉम्प्युटर पब्लिक आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणाऱ्या पत्त्यावर, उघडा पडे. २००३च्या ब्लास्टर व्हायरसने अशीच मशीन गाठली होती.

तरीही दोन्हींवर नेट हवं, तर पहिल्या कॉम्प्युटरला दुसरं लॅन कार्ड (नेटवर्कची तार जोडायचं कार्ड) बसवून विंडोजचं शेअरिंग चालू करायचं. त्याला १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळे. पण तो बंद की दुसराही बंद. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत इन्व्हर्टरवर दोन-दोन सीआरटी मॉनिटर कोण चालवणार?

उपाय मोडेमच्याच पोटात होता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, ब्रिजऐवजी पीपीपीओई (मोडेमनेच लॉगिन करायची पद्धत) निवडायचं, युजरनेम-पासवर्ड तिथेच भरायचा, नॅट चालू करून सेव्ह-रिबूट. एका पब्लिक पत्त्यामागे अनेक मशीन ठेवणारं नॅट १९९४ पासून कागदावर होतं. तारा जोडायचा साधा नेटवर्क स्विच लावला की दोन्ही कॉम्प्युटर चालू, आणि लाइट आली की मोडेम आपणहून डायल करी. फक्त मोडेमचा मूळ पासवर्ड बहुतेकांनी तसाच ठेवला, ते वाईट झालं.

पुढे वाय-फायचे मोडेम आले, २०१६ नंतर हॉटस्पॉट आणि मग फायबर. आता राउटर मोडच, म्हणजे मोडेमनेच लॉगिन करून नेट वाटणं, गृहीत असतो. पण पत्त्यांच्या टंचाईमुळे काही कंपन्या एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटतात. तिथे घरातल्या दहा उपकरणांना नेट मिळतं, पण घरातल्या कॉम्प्युटरवरची फाइल बाहेरगावाहून थेट उघडायची तर स्टॅटिक आयपीचे (घराच्या स्वतःच्या, न बदलणाऱ्या पत्त्याचे) पैसे वेगळे भरावे लागतात.