गंज विरघळल्यानंतरचं अर्धं काम

रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवलेला गंजका पाना सकाळी करडा, स्वच्छ होऊन बाहेर येतो आणि काम झालं असं वाटतं. पण तो नुसता धुऊन ओलाच ठेवला, तर काही तासांतच त्यावर पुन्हा नारिंगी झाक चढते. घरच्या साहित्याने गंज काढणं सोपं आहे. लोक चुकतात ते थांबण्यात आणि वाळवण्यात.

लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाले की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर आणखी लवकर. हा गंज म्हणजे पाण्याचा अंश असलेलं आयर्न ऑक्साइड. मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा ते व्यापतं, म्हणून फुगतं, पापुद्रे धरतं आणि गळून पडतं. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर बसतो, पण तो घट्ट चिकटून आतल्या धातूला जपतो. गंजाच्या भेगांतून मात्र ओलावा आत झिरपत राहतो.

व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. ते गंज विरघळवतं, पण गंज संपल्यावर खालच्या लोखंडालाही सोडत नाही. उघड्या पडलेल्या लोखंडाशी आम्लाची क्रिया होऊन हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात. म्हणून वस्तू भिजत घालून विसरू नये. अधूनमधून काढून ब्रशने घासावी आणि गंज गेला की लगेच बाहेर घ्यावी. काही जण व्हिनेगरमध्ये मीठ घालतात. त्याने वेग वाढतो खरा, पण खाचांत उरलेलं मिठातलं क्लोराइड पुढच्या गंजाला आमंत्रण देतं. मी तरी मीठ टाळायलाच सांगेन.

माझी पसंती लिंबूसत्त्वाला, म्हणजेच सायट्रिक आम्लाला. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे पुरतात आणि व्हिनेगरचा उग्र वासही नसतो. त्याची खरी खुबी वेगळीच आहे: सायट्रेटचा रेणू लोहाच्या आयनाला चिमट्यासारखा एकाहून अधिक जागी पकडतो आणि पाण्यात विरघळलेलाच ठेवतो. कोलामधलं फॉस्फोरिक आम्लही गंजावर काम करतं, पण त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की वाट फार पाहावी लागते, शिवाय साखरेचा चिकटपणा उरतो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फेस जोरदार येतो, पण तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात आणि गंज विरघळवायला फारसं काही उरत नाही. सोड्याची खरी गरज नंतर लागते. आम्लातून काढलेली वस्तू सोड्याच्या पाण्यात बुडवली की उरलंसुरलं आम्ल मारलं जातं. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, लगेच पुसून, उष्णतेने पूर्ण कोरडी करावी आणि तेलाचा पातळ हात फिरवावा. तेलामुळे पाणी धातूपर्यंत सहज पोचत नाही.

जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू मात्र आम्लात घालू नयेत. गंजाआधी मुलामाच विरघळेल. स्प्रिंगसारख्या कडक पोलादी भागांत आम्लातून निघालेला हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतात, तेव्हा ते घासूनच साफ करावेत. आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या भांड्यात ब्लीच चुकूनही पडू देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.