पहिल्या ५१२ बाइट्सवरचा हक्क

एका डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम गुण्यागोविंदाने नांदतात. भांडण होतं ते दाराशी: संगणक सुरू झाल्यावर आधी कुणाला हाक मारायची?

हा दरवाजा १९८३चा. आयबीएमच्या पीसी-एक्सटीत १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि सोबतच्या डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिमने तिच्या पहिल्या सेक्टरची, म्हणजे ५१२ बाइट्सची, वाटणी ठरवली. आधी एक चिमुकला प्रोग्रॅम, मग ६४ बाइट्समध्ये पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, तक्ता, शेवटी दोन बाइट्सची खूण. तक्त्यात चार नोंदी, कारण डॉसशेजारी दुसऱ्या सिस्टिमलाही बिऱ्हाड थाटता यावं. म्हणजे शेजाऱ्याची सोय मूळ आराखड्यातच होती.

शेजारी खऱ्या अर्थाने आला तो लिनक्स. १९९१मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स आपल्या ३८६ संगणकावर मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी सिस्टिम वापरत लिनक्स लिहीत होते. एकदा मोडेमला जायची आज्ञा चुकून हार्ड डिस्कला गेली आणि मिनिक्सचं पार्टिशन खराब झालं. ते पुन्हा बसवत बसण्यापेक्षा टोरवाल्ड्स लिनक्सवरच राहिले.

इतरांना मात्र लिनक्स आणि आधीची सिस्टिम दोन्ही हवं होतं. त्यासाठी १९९२च्या सुमारास लिलो हा सिस्टिमला हाक मारणारा प्रोग्रॅम आला. त्याची तऱ्हा न्यारी. एकेक टप्पा पार पडला की पडद्यावर स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर उमटवायचा. चारही अक्षरं दिसली की हुश्श. ‘एल-आय’वर गाडी अडली तर समजायचं, दुसरा टप्पा सापडला पण चालला नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर नेमका कुठे आहे हे लिलो आधीच टिपून ठेवायचा. कर्नल बदलून ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा द्यायला विसरलं की टिपणं शिळी. त्यात जुन्या बायोसला, म्हणजे मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, डिस्कच्या १०२४व्या सिलिंडरपलीकडचा भाग दिसत नसे. पुढे लिलोच्या जागी ग्रब आला, त्याला डिस्कवरच्या फाइली स्वतः शोधून वाचता येत होत्या, आणि टिपणांची कटकट संपली.

विंडोज पुन्हा टाकली की ती त्या पहिल्या सेक्टरवर बिनदिक्कत आपला प्रोग्रॅम लिहायची. लिनक्स डिस्कवर सुखरूप, पण हाक मारणारं कुणी नाही. म्हणून आधी विंडोज, मग लिनक्स हा क्रम रूढ झाला.

बी कंपनीच्या बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रकरण याहून कडू. हिताचीने जपानमध्ये विंडोजसोबत बीओएस भरलेले संगणक विकले, पण सुरुवातीला निवडीचा मेनू दिसत नसे. विकत घेणाऱ्याला ती सिस्टिम खटपट करून उघडावी लागे. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातल्या अटींमुळे हे झालं, असं बी कंपनीचं म्हणणं. २००२मध्ये बीचा मायक्रोसॉफ्टवर दावा, २००३मध्ये २.३२५ कोटी डॉलरवर तडजोड, मायक्रोसॉफ्टने दोष कबूल न करता. तोवर बी संपली होती.

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयमुळे प्रत्येक सिस्टिमला स्वतःचा फोल्डर मिळाला, पण २०१२च्या विंडोज ८बरोबर, विश्वासू सही नसलेला प्रोग्रॅम सुरूच होऊ न देणारं, सिक्युअर बूटचं कुलूप आलं. लिनक्सला दार उघडणाऱ्या ‘शिम’ या छोट्या प्रोग्रॅमवर मायक्रोसॉफ्टचीच सही लागते! ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या शिम नाकारल्या आणि अनेकांचं लिनक्स दाराबाहेर राहिलं.

एक जुनी खोड अजूनही आहे. मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज डॉसच्या काळापासून स्थानिक वेळ समजून वाचते, तर लिनक्स सहसा त्यात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं. म्हणून आपल्याकडे लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेलं दिसतं.