पुढे किती, मागे किती: ब्रेकच्या वाटणीची पार्श्वभूमी

मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ‘जरा भारी पॅड दाखवा’ म्हटलं की काउंटरवरचा जुना माणूस आधी विचारतो, ‘मागे ड्रम आहे का डिस्क?’ पुढचे पॅड घ्यायला आलेल्याला हा प्रश्न फाजील वाटतो. मलाही वाटला होता. (ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं डबडं, त्याला आतून शू दाबतात; डिस्क म्हणजे तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात.)

गाडीच्या सुरुवातीच्या काळात पुढच्या चाकांना बहुधा ब्रेकच नसत. 1888 मध्ये बर्था बेंझ मॅनहाइमहून फोर्झहाइमला गाडी घेऊन निघाली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. लायनरची, म्हणजे ब्रेकवरच्या घासणाऱ्या अस्तराची, कथा इथून सुरू होते. पुढे 1897 मध्ये इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने घोडागाड्यांसाठी घर्षणाचे ठोकळे बनवायला घेतले. फेरोडो हे ब्रेक पॅडच्या ब्रँडचं नाव त्याच्याच आडनावाची अक्षरं फिरवून, त्यात एक ‘ई’ घालून झालं. 1902 मध्ये लँचेस्टर या इंग्लिश इंजिनिअरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं खरं, पण धातूवर धातू घासून तो असा किंचाळे की कान किटावेत. त्यावर उतारा म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस आलं आणि लोकांच्या फुप्फुसांचं मातेरं करत कित्येक दशकं टिकलं. आजचे ऑर्गॅनिक, सेमी-मेटॅलिक, सिरॅमिक पॅड त्याच्या जागी आले.

पुढच्या चाकांना ब्रेक लावायला लोक घाबरत. पुढचं चाक जाम झालं तर स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही, ही भीती काही खोटी नव्हती. 1920 च्या दशकात चारही चाकांना ब्रेक रुळले आणि वाटणीचा प्रश्न उभा राहिला. 1200 किलोची गाडी घ्या, उभी असताना पुढे 720 किलो, मागे 480. चाकांमधलं अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर. कचकन ब्रेक मारला की सुमारे 240 किलो भार मागून पुढे जातो. पुढे 960, मागे उरले 240! मागच्या चाकांना तोच जोर दिला तर ती आधी जाम होणार आणि गाडी शेपूट फिरवणार. म्हणून मागच्या ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये व्हॉल्व्ह बसवला, जो एका मर्यादेनंतर तिथला दाब पुढच्या प्रमाणात वाढू देत नाही.

ड्रममध्ये आणखी एक खोड. फिरणारा ड्रम शूला स्वतःच आत ओढतो, त्यामुळे पाय कमी लागतो, पण घर्षणातला थोडासा फरकही फुगतो. मुंबईकरांना हे पद्मिनीने शिकवलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी, चारही चाकांना ड्रम. पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताच्या पाण्यातून बाहेर आली की ब्रेक कधी लागतच नसत, कधी एकाच बाजूला ओढत. टॅक्सीवाले पहिल्या गिअरात हळू चालवत ब्रेकवर हलका पाय ठेवायचे, लायनर वाळेपर्यंत. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली आणि ती विद्याही गेली.

डिस्कचं नशीब उघडलं ते 1953 च्या फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीत. जग्वार सी-टाइप डनलॉपच्या डिस्कवर जिंकली, सरासरी ताशी 170 किलोमीटर. उघड्या हवेत फिरणारी डिस्क उष्णता टाकून देते, एवढंच त्यामागचं गुपित. दोन वर्षांनी मर्सिडीज ड्रमच घेऊन आली. ड्रायव्हरच्या पाठीमागे उघडणारी भली मोठी फळी लावून वाऱ्यालाच ब्रेक करायला लावलं. जुगाड फक्त आपल्याकडेच चालतो असं नाही.

आपल्या बहुतेक हॅचबॅकना आजही मागे ड्रमच. म्हणजे पुढे जहाल पॅड घातले की वाटणी आपसूक पुढे सरकते. माझ्या जुन्या, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीला एका गॅरेजने शर्यतीच्या ट्रॅकचे पॅड बसवून दिले. सकाळी सहाला दादरहून निघालो, पहिल्याच सिग्नलला पेडल दाबलं, पॅड थंडगार, गाडी झेब्रा ओलांडून थांबली. खंडाळा उतरताना तेच पॅड तापले आणि पुढची चाकं चटकन जाम होऊ लागली. याच घाटात रेल्वेचा चढ 37 फुटांना एक फूट, अन् उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक थांबून तपासले जातात. मी नवे पॅड घालून थेट उतरलो होतो.

घरी येऊन पॅडची कड पाहिली. बऱ्याच पॅडवर तिथे दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं साध्या तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ त्याहून वर. माझ्या पॅडवर काहीच नव्हतं.

1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासवर बॉशचं एबीएस आलं, आपल्याकडे 2019 च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. आता ईबीडी, म्हणजे ब्रेकचा जोर वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, चाकांचा वेग वाचून मागचा दाब आवरतं, व्हॉल्व्हचं काम सेन्सरकडे गेलं. शेवटी मी ‘एफएफ’ पॅड घेतले, मागचे शू घासून सेट केले आणि जुनं ब्रेक ऑइल काढून डॉट 4 प्रतीचं भरलं.